रंग नसलेली जागा

नकाशाला रंग द्यायचं काम ऑफिसात माझ्याकडे होतं. ट्रेसिंगवर रोट्रिंगच्या पेनानं रेघा ओढून झाल्या, अमोनियाच्या मशीनमधून चार-पाच प्रती निघाल्या, की त्यांचा डोळ्यांत पाणी आणणारा वास जरा ओसरू द्यायचा आणि मग रंगपेटी उघडायची. नवं बांधकाम लाल. पाडायचं ते पिवळ्या तिरप्या रेघांत. सांडपाण्याची लाइन लाल, पण तुटक. रस्ता हिरवा, साइटची हद्द जाड काळी. (बेंगळुरात प्लॉटला साइट म्हणतात. पंचेचाळीस वर्षांत माझ्या तोंडातही तोच शब्द बसलाय, तेवढा चालवून घ्या.) हे रंग आमच्या सरांनी ठरवलेले नव्हते. देशाची म्हणून जी इमारत संहिता आहे, १९७० साली पहिल्यांदा निघालेली, जिला सगळे एनबीसी म्हणतात, तिच्यात त्यांचा तक्ताच दिलाय. त्या तक्त्यात मोकळ्या जागेचीही एक ओळ आहे. तिच्यापुढं लिहिलंय: रंग नाही.

मी बेळगावच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिलचा कोर्स केला. सर्टिफिकेटवर ‘मन’च आहे, बाई असले म्हणून बदललं नाही. १९७९ साली लग्न होऊन इथं आले आणि गांधी बझारच्या एका माडीवरच्या ऑफिसात लागले. पहिल्याच महिन्यात एका बंगल्याच्या नकाशात घराभोवतीची मोकळी पट्टी फार भकास दिसायला लागली म्हणून तिथं मी फिकट हिरवा हात फिरवला. सरांनी सगळ्या प्रती परत काढायला लावल्या. ते कन्नडच बोलत, माझं कन्नड तेव्हा बेळगावच्या बाजारापुरतं होतं, पण मुद्दा कळला. आज तिथं बाग दाखवलीस, तर उद्या मालक बागेला छप्पर घालेल आणि परवा त्या छपराखाली भाडेकरू ठेवेल. तिथं काही नाही, हेच दाखवायचं असतं.

त्या काही नसलेल्या जागेला ऑफिसात सेटबॅक म्हणत. पुण्याकडच्या सरकारी कागदांत तिला ‘सामासिक अंतर’ म्हणतात. तो शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा मला व्याकरणाचा तास आठवला. इथले मेस्त्री आणि गवंडी तिला साधं ‘संदी’ म्हणतात, आणि तो शब्द मला परका वाटला नाही, कारण आपली सांद तीच. आपण सांदीकोपरा म्हणतो, ते संदीगोंदी म्हणतात. चौतीस वर्षं मी या संदीच्या रेघा ओढल्या. ती या शहरात कुठून आली आणि कुठं गेली, हे मला जसं दिसलं तसं सांगते.

मुळात या गावात दोन घरांच्या मध्ये जागा सोडायची रीतच नव्हती. केंपेगौडानं १५३७ साली मातीचा कोट घालून पेठ वसवली. चिक्कपेट, दोड्डपेट, बळेपेट, कुंबारपेट, गाणिगरपेट. नावं वाचली तरी कळतं की कोण कुठं राहत होतं. घराला घर चिकटलेलं, मधली भिंत दोघांची. पुण्याच्या पेठांतून आलेल्या माणसाला इथं चुकल्यासारखं होत नाही. १६३८ नंतर ही जहागीर शहाजीराजांकडे आली, त्यांच्यामागून एकोजीराजांकडे, आणि रंगाऱ्या-शिंप्यांची मराठी घरं त्या गल्ल्यांत अजून आहेत, घरात मराठी आणि दुकानात कन्नड बोलणारी. पुढं १६८७ला मोगलांनी गाव घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना देऊन टाकलं. बेंगळुरातल्या जमिनीच्या व्यवहारांची बोलणी निघाली की आमचे सर हा सौदा हटकून सांगायचे. म्हणायचे, तेव्हा निदान खात्याचा, म्हणजे पालिकेतल्या मालमत्तेच्या नोंदीचा, घोळ नव्हता.

सामायिक भिंतीत वाईट काही नाही. खर्च वाचतो, उन्हाची झळ कमी लागते, चोराला फिरायला वाट राहत नाही. भांडण झालंच तर ते भिंतीच्या जाडीवरून होतं, जमिनीवरून नाही. पण अशा घराला उजेड यायला दोनच बाजू, पुढची आणि मागची. मधल्या खोल्या काळोख्या. दिवसा दिवा लावून भाजी चिरणाऱ्या बायका मी चिक्कपेटेत ऐंशीच्या दशकातही पाहिल्यात.

ऑगस्ट १८९८मध्ये प्लेग आला. हुबळीकडून, रेल्वेनं. मराठी माणसाला प्लेग म्हटला की पुणं आठवतं, घरात शिरणारे गोरे शिपाई, २२ जून १८९७ची रात्र, रँड आणि चाफेकर बंधू. पुढच्याच वर्षी तोच आजार इथं पोचला होता. इथं रँड झाला नाही, पण गाव मात्र कायमचं बदललं. पेठ दाट आहे, काळोखी आहे, हवा कोंडते, म्हणून माणसं मरतात, असं त्या वेळचे डॉक्टर आणि इंजिनिअर दोघंही मानत. म्हणून इलाजही तसाच. माणसं मोकळ्या जागी हलवायची, घरं एकमेकांपासून सुटी बांधायची, चारी बाजूंनी वारा फिरू द्यायचा.

गंमत अशी की त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं उंदरावरची पिसू पकडून दाखवली होती. प्लेग हवेतून नव्हे, पिसवेतून येतो. त्याचं म्हणणं सगळ्यांच्या गळी उतरायला आणखी काही वर्षं गेली. तोवर सुट्या घरांचे नकाशे कागदावर उतरले होते. म्हणजे ज्या संदीसाठी मी जन्मभर पट्टी धरली, ती एका चुकीच्या समजुतीतून आली. हे मला ऑफिसातल्या एका तरुण आर्किटेक्ट मुलीनं सांगितलं. ऐकून थोडं हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही दोन उपनगरं १८९२ला आखली गेली होती, पण प्लेगनं ती भरली. आमचं ऑफिस बसवनगुडीतच असल्यानं तिथली जुनी घरं मी रोज बघत होते. लांबरुंद साइट, मधोमध मंगळुरी कौलांचं घर, पुढं ओटा, बाजूला नारळ. आणि दोन रांगांच्या पाठीला पाठ लागते तिथं एक अरुंद बोळ. त्याला कन्झर्व्हन्सी लेन म्हणतात. नाव भारदस्त आहे. ती मैला उचलणाऱ्यांची वाट होती. पुढच्या दारानं ज्यांनी यायचं नाही त्यांनी मागून यावं, टोपली भरून मागूनच जावं. नगररचनेच्या पुस्तकांतून या उपनगरांचं कौतुक असतं आणि ते खोटं नाही. पण हवा खेळती राहावी म्हणून जागा सोडणारे आणि माणसानं माणसाच्या दृष्टीस पडू नये म्हणून जागा सोडणारे एकच होते, हेही त्या बोळात उभं राहिलं की कळतं. ड्रेनेज आल्यावर बोळांचं काम संपलं. मग कुणी तिथं न्हाणीघर पुढं ढकललं, कुणी जनरेटर ठेवला, कुणी नुसतंच गेट लावून टाकलं. अलीकडं मल्लेश्वरममध्ये काही बोळ साफ करून, भिंती रंगवून चालायला मोकळे केलेत. मल्लेश्वरम हे नाव ज्या काडु मल्लेश्वराच्या देवळावरून पडलं, तिथं एकोजीराजांच्या दानाचा १६६९चा शिलालेख आहे. पाहुणे आले की आम्ही आधी तो दाखवतो, मग डोसा.

छावणीच्या बाजूला, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातल्या भागात, जे. एच. स्टीफन्स नावाचे इंजिनिअर होते. तोवर पिसू सर्वमान्य झाली होती, म्हणून त्यांचा सगळा भर उंदरावर. उंदराला बीळ करता येणार नाही अशी जोती, त्याला लपायला सांद राहणार नाही अशी भिंत आणि छत. फ्रेझर टाउन हे उपनगर त्या हिशोबानं उभं राहिलं आणि त्यांनी १९१४ साली प्लेगरोधक नगररचनेवर एक पुस्तकही छापलं. म्हणजे हवेच्या सिद्धान्तानं घराबाहेर सांद ठेवायला सांगितली आणि पिसवेच्या सिद्धान्तानं घरातली सांद बुजवायला सांगितली. दोन्ही नियम टिकले, कारण दोन्ही माणसाच्या फायद्याचेच होते.

मुंबईत हाच विचार जास्त हिशोबी झाला. तिथं प्लेगनंतर १८९८ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याचे जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. खोलीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ ओढायची, समोरची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. भूमिती आठवत असेल तर त्याचा अर्थ सोपा आहे. समोर दहा फूट जागा असेल तर इमारत वीस फूट उंच, वीस असेल तर चाळीस. आकाशाचा तुकडा मोजून द्यायचा. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यात अंतर नुसतं फुटांत नाही, उंचीशी बांधलेलं आहे. आमच्याकडं लहान साइटवर पहिल्या मजल्यासाठी सोडलेली जागाच चौथ्या मजल्यालाही पुरवून नेतात, आणि खालच्या घरात कधी ऊन येतं हे भाडेकरूला विचारायचं.

आपल्याकडं हे सगळं इंग्रजांनी आणलं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती एका जुन्या पोथीनं मोडली. म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीत रुद्रपट्टण शामशास्त्री होते. तिथं १९०५च्या सुमारास तंजावरकडून आलेल्या एका पोथीत त्यांना कौटिल्याचं अर्थशास्त्र सापडलं आणि १९०९ला त्यांनी ते छापलं. मल्लेश्वरम-बसवनगुडीत नवी घरं उभी राहत होती, तेच हे दिवस. त्या अर्थशास्त्रात घराच्या बांधकामावर एक प्रकरण आहे. शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती लांब राहायचं, मोरीचं पाणी कुठून काढायचं, खिडकी कुणाच्या घरावर उघडायची नाही, सगळं दंडासकट. आणि पुढं सूटही आहे. बाळंतिणीसाठी दहा दिवसांपुरती केलेली सोय त्या नियमात धरायची नाही. शिवाय शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी आपसांत ठरवून हवं तसं बांधलं तरी चालेल. सरांनी हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या ऑफिसातला प्यून म्हणाला, म्हणजे अडजस्टमेंट तेव्हाही होतं. होतंच. पण ती सूट दहा दिवसांची होती, आणि ज्याची हवा जाणार त्याला विचारून होती.

स्वातंत्र्याच्या आगेमागे गोष्टी भराभर झाल्या. १९४५ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड आलं, १९४९ला गाव आणि छावणी या दोन नगरपालिकांची मिळून एक महापालिका झाली, जयनगर आणि राजाजीनगर आखले गेले. चाळीस बाय साठ, तीस बाय चाळीस ही मापं याच काळात बेंगळुराच्या रक्तात गेली. इथं कुणी घराची खोल्यांवरून चौकशी करत नाही. थर्टी-फॉर्टी का सिक्स्टी-फॉर्टी, एवढंच विचारतात आणि त्यावरून जावयाची ऐपत ठरते. १९६१ला नगररचनेचा कायदा आला. १९७६ला एकाच वर्षी दोन कायदे आले, एक विकास प्राधिकरणाचा, म्हणजे बीडीएचा, आणि एक महापालिकांचा. जमीन आखणार एक, घराला परवानगी देणार दुसरा.

याच दशकात शहर फुगलं. १९७१ ते १९८१ या दहा वर्षांत लोकसंख्या ७६ टक्क्यांनी वाढली. एचएमटी, बीईएल, एचएएल, टेलिफोनचा कारखाना आयटीआय, सगळ्या कारखान्यांना माणसं हवी होती आणि माणसांना साइट हव्या होत्या. बीडीएच्या साइटसाठी अर्ज करून लोक म्हातारे व्हायचे. मग शेतकऱ्यानं आपल्या शेताचे तुकडे पाडले, मधून वीस फुटी वाट सोडली आणि विकले. याला रेव्हेन्यू साइट म्हणतात. कागदावर नाचणीचं शेत, प्रत्यक्षात गल्ली. आपल्याकडं सांगली-कोल्हापुरापासून पुण्यापर्यंत ज्याला गुंठेवारी म्हणतात, तेच हे.

आम्हीही अशीच घेतली. १९८६ साली, बनशंकरीच्या पुढं, थर्टी-फॉर्टी. ह्यांना पगार बेताचा, माझा त्याहून बेताचा. साइट दाखवणाऱ्या माणसानं खिशातून ग्रामपंचायतीचा शिक्का मारलेला कागद काढला आणि पुढच्या वर्षी सगळं रेग्युलराइज होणार, असं छातीठोक सांगितलं. दिवसभर लोकांच्या नकाशांत नियम भरणारी मी संध्याकाळी तिथं जाऊन त्याच्या बोलण्याला मान डोलावत होते. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्याआधी तीन वर्षं, सप्टेंबर १९८३मध्ये, सुभेदार छत्रम रोडवर कपाली टॉकीजजवळ एक सात मजली इमारत बांधता बांधता कोसळली. १२०हून जास्त माणसं गेली. ढिगारा उपसायला कितीतरी दिवस लागले. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात कुणी मोठ्यानं बोललं नाही. सरांनी चालू कामांच्या सगळ्या आरसीसी ड्रॉइंग परत काढून तपासल्या, कॉलमची सळई मोजली, आणि दोन मालकांना सांगून टाकलं की वरचा मजला मी काढून देणार नाही. ते मालक दुसरीकडं गेले. वरचे मजले झालेच.

ती इमारत पडली तेव्हा बायलॉज, मंजुरी, सही, शिक्का, सगळं आम्हाला नव्यानं दिसायला लागलं. माणसं मेल्यावर नियम कडक होतात आणि मग काही वर्षांनी, सगळं थंडावल्यावर, ते मोडणाऱ्यांना माफ करायचा कायदा येतो, हा क्रम मी पुढं इतक्यांदा पाहिला की मला तो पंचांगासारखा वाटतो. १९९१ला कर्नाटकात शहरी भागातली बिनपरवाना बांधकामं नियमित करायचा कायदा झाला. महाराष्ट्रात २००१ला गुंठेवारीचा झाला. माझा दीर सांगलीत असतो, त्याचं घर त्यात बसलं. त्यानं मला फोनवर सल्ले दिले. मी गप्प ऐकून घेतले.

आमचं घर १९८८ला झालं. नकाशा मीच काढला. पंचायतीला नकाशाची फारशी पडलेली नव्हती, पण मी लाल-पिवळा-हिरवा सगळा रीतसर करून दिला, आणि पूर्वेच्या बाजूला पाच फूट पांढरे ठेवले. तीन वर्षांनी वर एक खोली हवी झाली, सासूबाई यायच्या होत्या. खोलीला जिना हवा. जिना घरातून घेतला तर खालचं स्वयंपाकघर जातं. मेस्त्री पूर्वेच्या संदीत उभा राहिला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, अम्मा, इल्ले बरत्ते. इथंच येतो. त्यानं खडूनं रेघ मारली. मी टेपसुद्धा काढली नाही.

पाच फुटांत जिना, संप आणि नळाचं मीटर. संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, बेंगळुरातलं प्रत्येक घर तिच्यावर उभं असतं, कारण पाणी एक दिवसाआड येतं. तेव्हा संदीचा उपयोग हवेसाठी असतो हे मला माझ्याच घरात विसरायला झालं होतं. कपडे वाळायचे नाहीत तेव्हा आठवायचं.

उंच इमारतींत याच जागेचा अर्थ बदलला. तिथं ती अग्निशमनाची गाडी फिरायला लागते. आम्ही नकाशात तिची वळण्याची त्रिज्या काढून दाखवायचो, सुंदर कमान यायची कंपासनं. बांधून झालं की त्या कमानीत पार्किंगचे चौकोन पडायचे. २३ फेब्रुवारी २०१०ला जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या कार्लटन टॉवर्समध्ये धूर कोंडला, आणीबाणीच्या जिन्याची दारं बंद होती, माणसांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. नऊ जण गेले. मी टीव्ही बंद केला, पण डोळ्यांपुढून तो जिना जाईना. तसे जिने मी शेकडो काढलेत. दार बाहेरच्या बाजूला उघडतं हे दाखवायला पाव वर्तुळ काढायचं असतं. कुलूप काढायला नकाशात खूण नाही.

आता अक्रम-सक्रम. अक्रम म्हणजे बेकायदा, सक्रम म्हणजे रीतसर, मधली एक रेघ म्हणजे सरकार. २००७ला नगररचना कायद्यात दुरुस्ती झाली, बरीच वर्षं ती कोर्ट-राजभवन फिरत राहिली, २०१४ला नियम निघाले. १९ ऑक्टोबर २०१३च्या आधी झालेलं बांधकाम, राहत्या घराला सेटबॅक आणि क्षेत्रफळात ५० टक्क्यांपर्यंत मोडतोड, व्यापारी इमारतीला २५ टक्क्यांपर्यंत, दंड भरा आणि सक्रम व्हा. तोवर आमच्या भागाचा महापालिकेत समावेश झाला होता आणि आम्हाला बी खाता मिळाला होता. बी खाता म्हणजे, घर आहे हे आम्ही मान्य करत नाही पण कर घेतो. पालिकेत त्याचं निराळं रजिस्टर असतं. त्यावर बँक कर्ज देताना नाक मुरडते, आणि मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत ते अक्षर कुठंतरी येतंच.

मी त्याच वर्षी निवृत्त झाले होते. घरात वेळ होता. एका सकाळी टेप घेतली, ह्यांना दुसरं टोक धरायला लावलं आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याच संदीचं माप घेतलं. हद्दीपासून जिन्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत दोन फूट तीन इंच.

पाचातले दोन फूट तीन इंच राहिले, म्हणजे दोन फूट नऊ इंच खाल्ले. पंचावन्न टक्के. पन्नास हवेत, म्हणजे दोन फूट सहा इंच शिल्लक हवेत. मी तीन इंचांनी सक्रमच्या बाहेर होते. लोकांच्या नकाशांत मी पाव इंचाची चूक धरलेली आहे.

मेस्त्रीला बोलावलं. आता तो म्हातारा झाला होता, मुलगा बरोबर होता. त्यानं जिन्याच्या कडेवर बोटानं टकटक केलं. पाऊण इंच ग्रॅनाइट, एक इंच त्याखालचा माल, पाऊण इंच प्लास्टर. सगळं खरवडून काढलं तर अडीच इंच. राहिला अर्धा इंच. तेवढं स्वल्प अडजस्ट माडी, म्हणजे थोडं चालवून घ्या, असं तो म्हणाला. हे वाक्य हल्ली इथं टी-शर्टवर छापून मिळतं. तो मात्र ते मनापासून म्हणाला. मी म्हटलं, अर्धा इंच अडजस्ट करायचा तर मग तीनही करता येतील, खरवडायचं कशाला? यावर तो बराच वेळ विचार करत राहिला. मुलानं मध्येच कॉलमलाच थोडी धार मारता येईल असं सुचवलं, तेव्हा मात्र म्हाताऱ्यानं त्याला असा फटकारला की मला १९८३चा आठवडा आठवला. शेवटी त्यानं कानामागची पेन्सिल काढून जिन्याच्या बगलेवर, जिथपर्यंत खरवडायचं तिथं, वरपासून खालपर्यंत एक ओळंब्याची रेघ मारून ठेवली. ग्रॅनाइटचं काम संक्रांतीनंतर सुरू करू, म्हणाला.

संक्रांत गेली, मग त्याचा गुडघा दुखावला, मग अर्जांची मुदत वाढली. आणि जानेवारी २०१७मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्याच योजनेला स्थगिती दिली. ऑफिसातल्या जुन्या माणसांचा फोन आला, की बरं झालं, नियम पाळणारे मूर्ख ठरले नाहीत. मला बरं वाटलं की वाईट हे मला सांगता येत नाही. स्थगिती बरोबर होती. आणि माझे तीन इंच जिथल्या तिथं होते.

त्यानंतरचं पंचांग वेगानं उलटलं. २२ ऑक्टोबर २०२४च्या पावसात बाबुसापाळ्यात बांधकाम चालू असलेली एक इमारत बसली, नऊ मजूर गेले. डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ऑक्युपन्सी सर्टिफिकेट नसेल तर वीज-पाणी जोडू नका. मग इथं हजारो नवी घरं वायर ओढून, मीटरची पेटी लावून, अंधारात उभी राहिली. आणि २०२५मध्ये सरकारनं बाराशे चौरस फुटांपर्यंतच्या साइटवरच्या लहान घरांना त्या सर्टिफिकेटची अटच माफ केली. बाराशे म्हणजे बरोबर थर्टी-फॉर्टी. शेजारच्यांनी पेढे वाटले. त्यांच्या साइटवर आता स्टिल्ट आणि वर तीन मजले आहेत, आणि त्यांची भिंत हद्दीवर.

भाची माझी आर्किटेक्ट आहे, पुण्यात. मागच्या दिवाळीत आली तेव्हा लॅपटॉपवर तिचं काम बघत होते. काळ्या पडद्यावर रंगीत रेघा, प्रत्येक रंगाचा वेगळा लेअर. मी विचारलं, मोकळ्या जागेचा लेअर कुठला? म्हणाली, मावशी, तिचा लेअर नसतो. म्हटलं, आमच्याकडंही नव्हता.

दुपारी ती नळाचं मीटर बघायला संदीत गेली, आडवी होऊन, दप्तर बाहेर ठेवून. परत आली तेव्हा खांद्याला चुना लागला होता. विचारत होती, जिन्याच्या बगलेवर ती पेन्सिलची उभी रेघ कसली आहे, इतकी सरळ?